वाकडं चालेल: कागदी भुतांच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर, शनिवार

थोरलीने (वय ११) सकाळीच जाहीर केलं, की ३१ तारखेला हॅलोविनच्या संध्याकाळी तिच्या आठ मैत्रिणी घरी येणार आहेत आणि घर ‘नीट भुताचं’ दिसलं पाहिजे. धाकट्याने (वय ५) लगेच पुरवणी जोडली: भुतं चालतील, चावणारी नकोत. विकतचं काही नाही, सगळं कागदाचं आणि सगळ्यांनी मिळून करायचं, हे हिने (मुलांच्या आईने) ठरवलं. नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे दर वेळी मध्येच कुणीतरी विचारतं, “मागच्या वेळी हे कसं केलं होतं?” आणि कुणालाच आठवत नाही.

हाताशी असलेला माल: काळी कार्डशीट, नारिंगी कार्डशीट (दोन्ही ए-४), छपाईचा पांढरा कागद, पतंगाचा पातळ कागद, अर्धवट संपलेली क्रेपची गुंडाळी, दोन मोठ्या कात्र्या, बोथट टोकाची एक लहान कात्री, पंचिंग मशीन, स्टेपलर, ग्लू स्टिक, पांढरा गोंद, मास्किंग टेप, दोरा. शिवाय स्प्लिट पिनांचं पन्नासचं पाकीट. भोकातून घालून मागच्या बाजूला दोन पाय फाकवायचे, त्या पिना.

थोरलीची यादी: वटवाघळं, भोपळे, कोळ्याची जाळी, सांगाडा, भुतं, कंदील, चेटकिणीची टोपी. मी यादीला एक रकाना जोडला: ‘वाकडं चालेल?’ सोपी हस्तकला कोणती, हे पायऱ्या मोजून कळत नाही असं माझं मत आहे. पाच वर्षांच्या हातातली कात्री घसरली तरी वस्तू टिकते का, ते बघावं. फुलाची पाकळी वाकडी गेली की फूल बिघडतं. भूत वाकडं गेलं की उलट जास्त भुतासारखं दिसतं.

हिचं म्हणणं, हा रकाना मी माझ्या स्वतःच्या कापण्यासाठी ठेवलाय. असेलही.

४ ऑक्टोबर, रविवार. वटवाघळं

सुरुवात सगळ्यात सोप्यापासून. कार्डशीट मधोमध दुमडायची, दुमडीला लागून अर्धं धड आणि एक कान काढायचा, बाहेरच्या बाजूला एक पंख. कापून उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. थोरलीने पहिल्या तासात सहा केली.

धाकट्याने धड दुमडीऐवजी उघड्या बाजूला काढलं. कापून उघडायला गेला तर हातात दोन तुकडे: प्रत्येकी एक कान, एक डोळा, एक पंख. दोन मिनिटं ओठ पुढे. मग थोरलीने त्यातला एक तुकडा उचलून कपाटाच्या उभ्या कडेला चिकटवला, कापलेली बाजू कडेशी बरोबर जुळवून. कपाटामागून वटवाघूळ डोकावतंय असं दिसायला लागलं. बाकीच्या सहांपेक्षा ते बरं दिसतं. त्यानंतर त्याने मुद्दाम अर्धी करायला सुरुवात केली आणि आता घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला एकेक अर्धं वटवाघूळ आहे.

दुपारी दुसरा प्रकार. वटवाघळाचा पंख म्हणजे खरं तर त्याचा हात. लांबच लांब वाढलेली चार बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. अंगठा तेवढा मोकळा राहतो, वर नखासारखा. त्यांच्या गणाचं शास्त्रीय नाव कायरोप्टेरा, अर्थ ‘हात-पंख’. हे मुलांना सांगितल्यावर पेन्सिलने अर्धं धड काढायची गरजच उरली नाही. काळ्या कार्डशीटवर बोटं फाकवून हात ठेवायचा, खडूने कड काढायची, पण बोटांच्या खाचांत शिरायचं नाही. एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत आत झुकलेली कमान काढायची. अंगठा वर. असे दोन हात, मध्ये अंड्याएवढं धड, दोन कान.

धाकटा सोडला तर आईचा (मुलांच्या आजीचा) हात सगळ्यात लहान निघाला, थोरलीपेक्षाही. हे कुणालाच माहीत नव्हतं. चार माणसांचे चार आकार, त्यामुळे भिंतीवर लावल्यावर काही जवळची आणि काही लांबची वाटतात.

वाकडं चालेल? हो. अर्धंसुद्धा चालेल.

७ ऑक्टोबर, बुधवार

रविवारी लावलेल्या १४ पैकी ९ वटवाघळं सकाळी जमिनीवर. मास्किंग टेपचा दोष नाही, आम्ही पंखांची टोकं चिकटवली होती. कार्डशीट सरळ व्हायला बघते, टोकं ओढते आणि टेप सुटतो. आता धडाच्या मागे टेपची एक गुंडाळी आणि पंख मोकळे, थोडे पुढे दुमडलेले. शिवाय आधी भिंतीवरची धूळ पुसली. पंख भिंतीपासून सुटे राहिल्याने सावलीही पडते, ती फुकटात.

१० ऑक्टोबर, शनिवार. भोपळा, फसलेला

पट्ट्यांचा गोल भोपळा. नारिंगी कार्डशीटच्या बारा पट्ट्या, २ सेंमी रुंद. गड्डी करून दोन्ही टोकांना भोक, दोन्हीकडे स्प्लिट पिन, मग गड्डी कमानीसारखी वाकवून पट्ट्या पंख्यासारख्या गोल पसरवायच्या. ऐकायला पाच मिनिटांचं काम.

मी पट्ट्या कागदाच्या लांबीत कापल्या, २९ सेंमीच्या. मोठा भोपळा होईल म्हणून. वाकवायला लागलो तर पट्ट्या गोल वळेनात. ठरावीक जागी कटकन मोडायच्या आणि तिथे पांढरी रेघ उमटायची. शेवटी जे झालं त्याला भोपळा म्हणणं कठीण होतं. पिंजरा म्हणता आला असता. धाकट्याने त्यात रबरी बेडूक ठेवला, म्हणजे त्यालाही पिंजराच दिसला.

रकान्यात पहिलं ‘नाही’ लिहिलं आणि चिडून झोपलो.

११ ऑक्टोबर, रविवार. भोपळा, जमलेला

चूक हातांची नव्हती, दिशेची होती. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला आडवे पडतात. त्या दिशेशी समांतर दुमड घातली तर ती सरळ, मऊ येते. आडवी घातली तर तंतूच वाकवावे लागतात, म्हणून कागद अडतो आणि कडकन मोडतो. ओळखायची रीत सोपी आहे. अख्खा कागद न मोडता आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलकेच वळवून बघायचा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, तिकडे वळणाची रेघ तंतूंशी समांतर. नाहीतर एखादा तुकडा दोन्ही दिशांना फाडून बघावा. तंतूंच्या दिशेने फाटतो तो सरळ, आडवा फाडला की दातेरी आणि तिरका.

आमच्या कार्डशीटमध्ये तंतू लांबीच्या दिशेने निघाले. काल लांबीत कापलेली प्रत्येक पट्टी म्हणजे तंतूंची जुडी, आणि मी तीच वाकवत बसलो होतो. आज पट्ट्या कागदाच्या रुंदीत कापल्या, २१ सेंमीच्या. तंतू आता पट्टीला आडवे. पहिलीच पट्टी बोटावर घेतली आणि ती स्वतःहून गोल झाली. थोरलीने दोन्ही पट्ट्या, कालची आणि आजची, शेजारी धरून तीनतीनदा वाकवल्या. मग शांतपणे म्हणाली, “बाबा, म्हणजे काल कागद बरोबर होता.”

होता.

नोंदीसाठी आकडे: भोकं टोकापासून १ सेंमी आत. दोन भोकांत १९ सेंमी राहतात, त्याचा साधारण १२ सेंमी व्यासाचा गोळा होतो. पंचिंग मशीनमध्ये एका वेळी तीनच पट्ट्या, बारा घुसवल्या तर मशीन अडकतं (अडकलं). पट्ट्या पसरवायचं काम धाकट्याचं, कारण त्यात चुकायला जागाच नाही. हिरवा देठ स्टेपलरने. सहा भोपळे झाले, बारा पिना गेल्या.

भोपळे रांगेत बघून आईने विचारलं, “हे भोपळ्याचं खूळ आलं कुठून?” तिला सांगितलं ते असं. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंथातला सर्व संतांचा दिवस, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. नावाचा अर्थही तोच. आयर्लंड-स्कॉटलंडकडे त्याच सुमारास सुगी संपून हिवाळा लागण्याचा साव्विन नावाचा त्याहून जुना सण होता. तिकडची माणसं कंदील कोरायची ते सलगमचे. भोपळा अमेरिकेतला, आणि तो अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसांच्या हाती लागला. सलगमपेक्षा मोठा, आतून पोकळ, कोरायला कितीतरी सोपा. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या ग्रामजीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलकडच्या जुन्या सलगम-कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलेली आहे. फोटो दाखवला. खोबणीसारखे डोळे, मोजके दात, सुकलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा.

आईने चष्मा लावून नीट बघितला. “हा खरा घाबरवणारा,” म्हणाली. “तुमचा भोपळा अगदीच गोबरा.”

धाकट्याला फोटो दाखवला नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पांढऱ्या गोंदाला रजा. वटवाघळांचे डोळे त्याने चिकटवले होते, सगळे चेहरे सुरकुतले. गोंदातलं पाणी तंतू पितात आणि फुगतात, लांबीत फारसे नाही, जाडीत. म्हणून कागद एकाच दिशेने लाटा मारतो. पातळ कागदाला यापुढे फक्त ग्लू स्टिक.

१७ ऑक्टोबर, शनिवार. जाळं

कोळ्याचं जाळं कापून. यात सगळा खेळ घड्यांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चौरस कागद घ्यायचा. कोपऱ्याला कोपरा लावून त्रिकोण. तो पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा. झाल्या तीन घड्या, आठ पदर. या त्रिकोणाचं एक टोक म्हणजे कागदाचा मध्य. ते कुठलं, यावर पेन्सिलची ठिपकी दिलीच पाहिजे, कारण तिसऱ्या घडीनंतर प्रत्येकजण पैजेवर चुकतो. मध्यापासून निघणाऱ्या दोन्ही कडा दुमडीच्या असतात. त्यातल्या एका कडेकडून आत, थोड्या बाकदार, अरुंद खिडक्या कापत जायचं आणि दुसऱ्या कडेच्या पाऊण सेंमी अलीकडे थांबायचं. ती न कापलेली कड उघडल्यावर जाळ्याचे उभे धागे होते, खिडक्यांमधल्या पट्ट्या आडवे धागे.

थोरलीने कापलं, उघडलं, आणि जाळ्याला चारच उभे धागे. पतंगासारखं दिसत होतं. गणित नंतर सुचलं: आठ पदरांत आठ दुमडी, त्यातली एक सोडून एक कापली जाते, उरतात चार. आठ धागे हवे असतील तर चौथी घडी, सोळा पदर. सोळा पदर छपाईच्या कागदाचे म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर जाडी. लहान कात्री त्याला नुसती चावते. मोठ्या कात्रीने मी कापलं, पण आतले पदर सरकतात आणि प्रत्येक खिडकी वेगळ्या मापाची होते. पतंगाच्या कागदावर मात्र सोळा पदर लोण्यासारखे कापले गेले. म्हणून आता नियम: चार धाग्यांचं जाळं छपाईच्या कागदाचं, लहानांनी. आठ धाग्यांचं पतंगाच्या कागदाचं, मोठ्यांनी. उघडायचं मात्र लहानांनीच. सोळा पदर एकेक करून सोडवायला बारीक बोटं लागतात आणि धीरही लागतो. धीर पाच वर्षांच्या मुलाकडे नसतो असा माझा समज होता. धाकटा जीभ बाहेर काढून सात मिनिटं एक जाळं उलगडत होता, श्वाससुद्धा जपून घेत होता. एकही धागा तुटला नाही.

आईने कापलं ते थेट या कडेपासून त्या कडेपर्यंत, न थांबता. उघडलं तर जाळं नाहीच. एकात एक बसणारी सुटी कडी, मोठीपासून लहानपर्यंत, पाच. ती टाकायला निघाली तेव्हा थोरलीने अडवलं. मोठ्या कड्याखाली त्याहून लहान असं करत दोऱ्याने पाचही ओवली आणि दिव्याखाली टांगली. आता वाऱ्यावर एकेक कडी वेगळी फिरते. याला नाव काय द्यायचं ते ठरत नव्हतं, सध्या ‘आजीचं भोवळ’ म्हणतात.

जाळ्यात बसवायचे कोळी काळ्या कार्डशीटचे. पाय पंखा-घडीचे, आठ. धाकटा सहा लावून थांबला होता. कोळी कीटकांत मोडत नाही, कीटकाचे सहा आणि कोळ्याचे आठ, हे थोरलीने त्याला सांगितलं आणि त्याने उठून घरातल्या खऱ्या कोळ्याचे पाय मोजायला घेतले. तो पळाला.

१८ ऑक्टोबर, रविवार. सांगाडा

दोन सांगाडे, काळ्या कागदावर नव्हे तर सुटे, हलणारे. पांढऱ्या कार्डशीटचे अकरा तुकडे: कवटी, छाती, कंबर, दोन दंड, दोन हात पंजासकट, दोन मांड्या, दोन पिंढऱ्या पावलांसकट. दहा जोड, दहा स्प्लिट पिना. दोघांच्या वीस.

पहिला सांगाडा जोडला तेव्हा गुडघे हलेचनात. पिनेचे पाय मागे घट्ट दाबले की जोड आवळला जातो. युक्ती हिची: पाय फाकवताना पिन आणि कागद यांच्यामध्ये कार्डशीटचा एक छोटा तुकडा सरकवून ठेवायचा, पाय दाबून झाले की तो ओढून काढायचा. तेवढी फट राहते आणि गुडघा झुलतो. भोक पंचिंग मशीनने नाही पाडायचं, ते फार मोठं होतं. खाली खोडरबर धरून जाड सुईने.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं. थोरलीला ती सगळी काढायची होती. मग हिशेब काढला: एका पंजात २७, एका पावलात २६, म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिळून १०६. अर्ध्याहून जास्त हाडं हातापायांतच. आणि आमच्या सांगाड्याला बोटांसाठी चार रेघा. “म्हणजे याला शंभर हाडं कमी आहेत,” असं म्हणून तिने त्याच्या कपाळावर बँडेज काढलं. कारण कळलं नाही, पण शोभतं.

वाकडं चालेल? मांड्या लहानमोठ्या झाल्या तर हो, लंगडा सांगाडा. पण दोन्ही हात एकाच बाजूचे कापले तर नाही. कापले होते.

२१ ऑक्टोबर, बुधवार

रात्री साडेदहाला धाकटा उठून आला. सांगाडा मुलांच्या खोलीच्या दारावर लावला होता आणि बाहेरच्या दिव्यात त्याची सावली आत पडत होती. गुडघा झुलतो त्यामुळे सावलीही झुलत होती. ज्या फटीचं आम्ही इतकं कौतुक केलं, तिनेच घोळ केला.

मी काढायला लागलो तर तो म्हणाला, काढू नका, त्याला बसवा. म्हणून पिना वळवून सांगाड्याच्या मांड्या दुमडल्या, हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्याला दाराच्या खालच्या भागात, जमिनीलगत बसता केला. धाकट्याने लांबून बघितलं, मग जवळून. सांगाडा दमलाय, असं त्याने ठरवलं आणि जाऊन झोपला.

लहान मुलं असतील त्या घरासाठी टीप: हलणारं काही लावलं तर ते कुठल्या उजेडात कसं दिसतं, हे दिवे मालवून एकदा बघावं. आणि ते हलवायचा हक्क लहानांच्या हातात द्यावा.

२४ ऑक्टोबर, शनिवार. भुतं आणि कंदील

भुतं: रद्दीचा लिंबाएवढा बोळा, त्यावर पतंगाचा पांढरा कागद, मानेशी दोरा. झालं. खालची टोकं फाटली तर उत्तमच. स्केचपेनने डोळे काढले की शाई पसरते आणि भूत रडल्यासारखं दिसतं, एखादं ठीक, सगळी नकोत. मग पंचिंग मशीनचा खालचा डबा उघडला. वटवाघळांच्या कार्डशीटच्या कातरणांवर मुलं मशीन चालवत बसली होती, त्यात शेकडो काळ्या टिकल्या साठलेल्या. त्याच डोळे.

तासभर सगळे फक्त डोळे सरकवत बसलो होतो. दोन टिकल्या लांब लांब लावल्या की भूत भोळसट. जवळ आणल्या की लबाड. वर लावल्या की मोठं माणूस, खाली लावल्या की बाळ. एक टिकली जराशी खाली गेली की भुताला काहीतरी वाईट बातमी कळल्यासारखं दिसतं. तोंड लागतच नाही. आईने एकाला एकच डोळा लावला आणि ते वेगळं, खिडकीत ठेवलं.

१९ भुतं. वाकडं चालेल? सरळ असेल तर चालणार नाही.

कंदील: नारिंगी कार्डशीट लांबीत दुमडायची, दुमडीकडून दीड-दीड सेंमीवर चिरा, वर अडीच सेंमी कोरा काठ सोडून. उघडून नळी करायची, स्टेपल, वर पट्टीचा दांडा. इथे तंतूंची दिशा आपोआप सोयीची पडते, चिरांमधल्या पट्ट्या रुंदीत येतात आणि छान फुगतात. आत पिवळ्या पतंगाच्या कागदाची दुसरी नळी.

क्रेपची गुंडाळी दारावरच्या झिरमिळ्यांत संपली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या डेनिसन कंपनीने १९०९ साली हॅलोविनच्या सजावटीची एक पुस्तिका काढली होती, मुळात आपला क्रेप कागद खपावा म्हणून. आम्ही आज करतोय त्यातलं पुष्कळसं त्या धंद्याने घरोघरी पोचवलं. क्रेपला मात्र एक गुण खरंच आहे: ओढला की ताणतो आणि ताणलेला राहतो. कडा बोटांनी ओढल्या की लाटा येतात, कात्री लागत नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार. टोपी

थोडक्यात. अर्धवर्तुळाचा शंकू केला तर टोपी बुटकी होते, पाव वर्तुळाचा केला तर उंच. थोरलीचं डोकं ५४ सेंमी. अर्धवर्तुळाला त्रिज्या साधारण १७ सेंमी लागते, पाव वर्तुळाला ३४, शिवाय चिकटवायला दोन सेंमी जास्त. यातलं काहीच ए-४ मध्ये बसत नाही, त्यासाठी मोठी शीट. कंपास नव्हता म्हणून दोऱ्याला पेन्सिल बांधली, एक टोक मी धरलं. काठाची चकती कापायला मला पाऊण तास लागला आणि ती मुलांनी करण्याजोगी नाही. एकच टोपी केली. पुढच्या वेळी काठ नको, नुसता शंकू.

वाकडं चालेल? टोक हो. काठ नाही.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

कंदिलांत मेणबत्ती नाही, यावर चर्चासुद्धा नाही. पातळ कागद आणि ज्योत एका खोलीत नकोत. सेलवर चालणारे छोटे दिवे आणले. त्यातल्या दोघांचं झाकण नखाने उघडत होतं आणि आत चपटा गोल सेल, ते परत केले. असा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजतं. स्क्रूने बंद होणारं झाकण असलेलेच ठेवले. दिवे मोजून ठेवले: आठ. काढताना आठच मोजायचे.

३१ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी तीनपासून मांडणी. चौकटींवर अर्धी वटवाघळं आधीच होती. जाळी खिडकीच्या काचेला पाण्याच्या थेंबाने, पतंगाचा कागद तेवढ्यावर चिकटतो (रंग उतरतो, पांढराच वापरावा). भुतं वेगवेगळ्या उंचीवर. एका रांगेत टांगली तर वाळत घातलेले रुमाल दिसतात, हे लावून झाल्यावर कळलं. पुन्हा काढून वरखाली केली, वीस मिनिटं गेली.

आठ मैत्रिणी आल्या, एकीचा लहान भाऊ जादा. कार्यक्रम म्हणून काही ठेवला नव्हता. टेबलावर काळी कार्डशीट, खडू आणि कात्र्या होत्या. थोरलीने हात-पंखांचं वटवाघूळ करून दाखवलं आणि मग आम्हाला कुणी विचारलं नाही. लहान भावाला कात्री नको होती, त्याला टिकल्यांचा डबा दिला. त्याने एका भुताला अकरा डोळे लावले. हा प्रकार आम्हाला आठवडाभरात सुचला नव्हता.

दिवे मालवून कंदील लावले तेव्हा धाकटा पाहुण्यांना एकेक वस्तू दाखवत फिरत होता. सांगाड्यापाशी थांबून म्हणाला, “हा बसलाय. याला उठवू नका.”

१ नोव्हेंबर, रविवार

आवराआवर. दिवे आठ, मोजले. भोपळ्यांच्या पट्ट्या पुन्हा एकत्र सरकवल्या की भोपळा चपटा होतो आणि जाड पुस्तकात मावतो, सहाही ठेवले. जाळी काढताना फाटली, एकही वाचलं नाही. आजीचं भोवळ दिव्याखालीच राहू दे असं बहुमत. टोपी कुणाच्याच डोक्यावर फार वेळ टिकली नव्हती.

स्प्लिट पिनांचा हिशेब: भोपळे १२, सांगाडे २०, वाकडे झालेले पाय ४, बेडकाचा पिंजरा मोडून परत मिळाल्या २ (आधी धरल्याच नव्हत्या). पाकिटात १४ शिल्लक.

कपाटाच्या कडेचं पहिलं अर्धं वटवाघूळ काढायला गेलो तर टेप रंगासकट निघायला लागला. थांबलो. ते तिथेच आहे.